या पावणं, बसा

३ नोव्हेंबर २००३

नोकरी लागली. एकदा लिहून टाकते, म्हणजे खरं वाटेल.

पहाटेची एस.टी. पकडून गडहिंग्लजहून आले. आबा स्टँडवर सोडायला यायचं म्हणत होते, पण त्यांना चार पावलं टाकली की धाप लागते. भावानं, सूरजनं, त्यांना दटावून घरी बसवलं. कळंब्याला खोली मिळाली आहे. खिडकीतून तळं दिसतं असं घरमालकीण म्हणाली. मान वाकडी केली तर बोटभर दिसतं, म्हणजे बाई खोटं बोलली नाही.

दुकान मार्केट यार्डात. गुळाची अडत, पिढीजात. बोळात शिरल्याबरोबर गुळाचा वास असा अंगावर येतो की सकाळचा चहा बिनसाखरेचा प्यायले असते तरी चाललं असतं. मालक राजशेखर. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणायला लागले. त्यांचा गूळ वर्षानुवर्षं गुजरातला जातो. आता अमेरिकेतल्या पुतण्यानं डोक्यात भरवलं आहे की वेबसाईट काढा, जगभर विकू. म्हणून मी. मल्टिमीडियाचा कोर्स केलेली मुलगी गुळाच्या दुकानात काय करणार हे अण्णांनाही नीट माहीत नाही, मलाही नाही. पण दोघांनीही तोंडावर तसं दाखवलं नाही.

दुकानाचा दिवाणजी कृष्णात. तोंडाळ माणूस. मला बघून म्हणाला, आता गूळ तारेतनं जानार म्हना की. माझं टेबल आतल्या भिंतीला, आणि समोर ओळीनं वेताच्या खुर्च्या, सौद्याला येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. हंगाम सुरू झाला म्हणून अण्णांनी त्या नव्यानं विणून घेतल्यात. वेत असा ताठ की बसलं की कर्रकन वाजतो.

हंगाम संपला की आबांना इकडे आणायचं. इथल्या मोठ्या दवाखान्यात छातीचा डॉक्टर आहे. आयुष्यभर बाजारात मिरचीची पोती वाहिली, छातीत अजून तिखट आहे असं ते म्हणतात. अंगरखा कितीही धुतला तरी मिरचीचा वास जात नाही. नोकरी टिकवायची, बास. बाकी देवबीव आमच्या घरात नाहीच, भूतखेतही नाही. आबांनी लहानपणीच सांगून ठेवलंय की जे दिसत नाही त्याला हात जोडायचे नाहीत आणि त्याला भ्यायचंही नाही.

७ नोव्हेंबर

वेबसाईट तयार झाली. गुळाच्या ढेपांचे फोटो, दर, पत्ता. अण्णांनी वरपासून खालपर्यंत बघितली. मग म्हणाले, छान हाय, पण मुकी हाय.

त्यांचं खरं होतं. दुकानात कुणीही पायरी चढलं की अण्णा मान वर करून म्हणतात, या पावणं, बसा. मग गूळ-पाणी. ओळख असो नसो, सौदा होवो न होवो. माणूस बसला की घाईनं उठत नाही आणि बसलेला माणूस चार गोष्टी बोलतो, त्यातनं धंदा होतो. वेबसाईटवर ते कोण म्हणणार? म्हटलं, आवाज घालता येतो. पान उघडलं की आपोआप वाजेल. अण्णांचे डोळे चमकले. त्यांचा स्वतःचा आवाज म्हणजे ट्रकचा हॉर्न, म्हणून माझा ठरला. पुणेरी नको, आपलं कोल्हापुरी पाहिजे, ही एकच अट.

यार्डात आवाज रेकॉर्ड करणं म्हणजे दिव्यच. हमालांच्या हाका, ट्रक, कावळे. शेवटी वरच्या मजल्यावर अण्णांच्या आई राहतात, त्यांच्या खोलीत दार लावून, डोक्यावर वाकळ घेऊन बसले आणि माईकमध्ये म्हटलं, “या पावणं. बसा. गूळ खावा, पाणी प्या.” चांगलं जमलं. निरोपाचंही काही म्हणू का, विचारलं. दुकानात उठणाऱ्या माणसाला अण्णा न चुकता म्हणतात, या परत. पण अण्णा म्हणाले, गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून तर एवढा खटाटोप, आपणच निरोप कशाला द्यायचा? धंद्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं.

गंगव्वा, म्हणजे अण्णांच्या आई, कॉटवरून सगळं बघत होत्या. मी वाकळ काढली तेव्हा विचारलं, कुणाला बोलावलंस? म्हटलं, जो येईल त्याला. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “डोळ्यांम्होरं मानूस असल्याबिगर या म्हनू नगं, यव्वा. कोन येतंय कुनाला ठावं? आन् जे तोंड बसा म्हनतंय, त्यानंच उठवाय लागतंय.” मी हसले. त्यांनी मात्र माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि समोर बसवून पाणी पाजलं. मनात आलं, हे आबांना सांगितलं पाहिजे. त्यांनी उभा जन्म बाजारात काढला, पण दुकानाच्या पायरीवर उभं राहून. पोतं आत टाकायचं आणि बाहेर यायचं. बसा असं त्यांना कुठल्या दुकानात कुणी म्हटलेलं नाही. तक्रार म्हणून त्यांनी हे सांगितलं नाही कधी, पाऊस पडला तसं सांगितलं.

१५ नोव्हेंबर

धंदा चालला. चालला म्हणजे धावलाच. पुणे, मुंबई, दुबई, अमेरिका. लोक गूळ मागवतात तो मागवतातच, पण पत्रं लिहितात त्या आवाजाबद्दल. एका बाईनं लिहिलंय की ऑफिसात चुकून पान उघडलं, या पावणं बसा ऐकू आलं आणि तिथंच रडू कोसळलं, किती वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. अण्णा प्रत्येक ईमेल छापून घेतात आणि यार्डभर दाखवत फिरतात. कृष्णात मला आता पावणीबाई म्हणतो.

मी दमले आहे. काम फार नाही तसं. पण संध्याकाळी पायात गोळे येतात. आज लक्षात आलं की दुपारभर मी उभ्यानंच टाईप करत होते. खुर्ची मागे रिकामी होती.

२१ नोव्हेंबर

खुर्च्यांचं काहीतरी बिघडलंय. नव्या विणीचा वेत असा सैल पडत नाही. दाराजवळची सोडली तर सगळ्यांचे वेत खाली गेलेत, मधोमध, कुणी बसल्यावर जातात तसे. दुपारी दुकानात कुणी नसतं तेव्हा त्यातली एखादी कर्रकन वाजते. कृष्णात म्हणाला, हवेनं वेत ताणतोय. विणणारा लुच्चा निघाला, असं अण्णा म्हणाले. मला दोन्ही पटलं.

पण गुळाच्या ताटलीचं पटत नाही. खुर्च्यांसमोर कायम एक ताटली ठेवलेली असते. गूळ तिथं मुंगळे ही म्हण आमच्या यार्डातच जन्माला आली असावी, इतके मुंगळे इथं. तर त्या ताटलीला मुंगळे लागत नाहीत. रांग येते, कडेपर्यंत येते आणि वळून जाते. मी एक खडा तोंडात टाकला. मातीसारखा. गोडी कुणीतरी चोखून घेतल्यासारखा. पाण्याच्या फुलपात्रांत सकाळी भरलेलं पाणी दुपारी निम्मं असतं.

आणि मला बसता येत नाही. बसले की वाटतं, लोक आलेत आणि आपण काय बसलोय. आईचं वळण, दुसरं काय. पावणं घरात असताना आई भिंतीला टेकूनसुद्धा उभी राहायची नाही.

२७ नोव्हेंबर

पुण्याहून एका मुलाचं ईमेल आलं. त्याचे वडील हंबीरराव, मूळचे बिद्रीचे, साखर कारखान्यात जन्म घालवलेला माणूस. म्हातारपणी मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर येऊन पडले. शेवटच्या आजारात एकच ध्यास, तो आवाज लाव. मुलगा लावायचा. परवा आवाज ऐकून म्हणाले, बोलवत्यात मला, येतो. आणि गेले. मुलानं आभार मानलेत. वडील समाधानानं गेले म्हणतो. शेवटपर्यंत हातातली काठी जमिनीवर टेकवत होते, तीही सवय सुटली नाही, असं लिहिलंय.

दुपारी भारनियमनात लाईट गेली. पंखा थांबला, यार्डही जेवणाला थंड झालेला. मधल्या खुर्चीपाशी टक, टक, टक. मी बघितलं नाही. लाईट आल्यावर बघितलं. फरशीवर गुळाची भुकटी कायम पडलेली असते, तीत खुर्चीपुढं गोल ठसे. काठीच्या टोकाचे असतात तसे.

मी आबांची मुलगी आहे. झाडू घेतला आणि ठसे झाडून टाकले. दोनदा झाडले हे मात्र खरं.

२ डिसेंबर

ठसे रोज येतात. आज कृष्णातला सांगितलं. सांगायला नको होतं. तो हसला, म्हणाला पावण्यांची ओळख करून घेतो. मधल्या खुर्चीला हात जोडून म्हणाला, “पावणं, सरका जरा तिकडं,” आणि बसला.

मीही हसले. मग त्याचं हसू थांबलं. चेहरा असा सैल झाला, तान्हं पोर झोपायच्या आधी होतं तसा. अण्णांनी हाक मारली, उठला नाही. सौद्याची घंटा झाली, उठला नाही. म्हणाला, बरं वाटतंय हितं. शेवटी अण्णांनी आणि दोन हमालांनी काखेत हात घालून उठवलं. वेत सुटताना चिकट काही सोलावं तसा आवाज आला.

त्याला घरी पोचवलं.

४ डिसेंबर

कृष्णात कामावर आला नाही. अण्णा त्याच्या घरी जाऊन आले. आल्यावर बराच वेळ गादीवर टेकले नाहीत, उभेच होते. सांगत होते की कृष्णात घरात खुर्चीवर बसलाय, परवापासून. जेवण नाही, झोप नाही. बायको रडतेय. उठ म्हटलं तर त्यानं शांतपणे सांगितलं, “बसवलंय त्यानं अजून उठ म्हनलं न्हाई.”

बसवलंय कुणी? मी. माझ्या आवाजानं. अण्णा तसं बोलले नाहीत, पण बघितलं माझ्याकडे.

वर गेले. गंगव्वांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, आवाज आधी बंद कर, म्हणजे नवे येणार नाहीत. मग खुर्च्यांपुढं उभी राहा आणि स्वतःच्या तोंडानं म्हण, उठा आता. वाईट वाटेल. पावण्याला उठा म्हणणं जिभेवर येत नाही. पण तू म्हटल्याबिगर ते उठायचे नाहीत आणि ते उठल्याबिगर कृष्णातही उठायचा नाही. एकाला ठेवून दुसऱ्याला उठवता येत नाही. उठले तर सगळे उठतील आणि परत यायचे नाहीत.

५ डिसेंबर

अण्णांना म्हटलं, आवाज काढू. ते लगेच हो म्हणाले नाहीत. मोठी ऑर्डर अर्ध्यावर आहे, लोक त्या आवाजासाठी येतात, सोमवारपर्यंत थांब म्हणाले. मी जोर करायला हवा होता. केला नाही. वेबसाईट पडली तर माझी नोकरी कशाला? आणि नोकरी नाही तर आबांचा दवाखाना कसा? तीन दिवसांनी काय होतंय, असा विचार केला. इतकी दमलेय की विचारही उभ्यानंच होतात.

रात्री खोलीवरसुद्धा कॉटवर टेकवत नाही. उभ्यानंच भिंतीला टेकून झोपते. पाय सुजलेत.

८ डिसेंबर

सोमवार. आवाज काढायचा म्हणून लवकर आले. मोडेम लावणार तेवढ्यात फोन वाजला. सूरज.

खुशीत होता. काल आबांना सायबर कॅफेत नेलं होतं. त्यांचाच हट्ट. दीक्षाचा आवाज जगभर ऐकतात, मग मी का नाही. पायऱ्यांवर दोनदा बसून चढले. कानाला हेडफोन लावला. ऐकलं आणि कॅफेतल्या पोराला परत परत लाव म्हणाले. डोळ्यांतनं पाणी. कॅफेतल्या सगळ्यांना सांगत सुटले, माझी पोर दुकानात बसून बसा म्हनतीया, आवाज खणखणीत हाय बघा. सूरजनं विचारलं, आता निघायचं का? तर हेडफोनमध्ये बोलावं तसं म्हणाले, “येतो, येतो.”

मी फोनवर ओरडले. सूरजला कळेना काय चुकलं. आबांना सांभाळ, एकटं सोडू नको, मी संध्याकाळच्या गाडीनं येते. त्यानं विचारलं का. काय सांगू—

आवाज काढला. पान आता मुकं आहे. खुर्च्यांपुढं उभी राहिले, उठा म्हणायला. तोंड उघडलं आणि परत फोन.

शेजारच्या दुकानातून केला होता सूरजनं. आबा चहा पिताना गेले.

११ डिसेंबर

गडहिंग्लजहून परत आले. सगळं झालं. आबा शांत दिसत होते. हसल्यासारखे. सूरज म्हणाला थोडे दिवस थांब. थांबता येत नव्हतं. पायच इकडे वळत होते.

एस.टी.त जागा होती. उभी राहून आले. कंडक्टर दोनदा म्हणाला, बाई, बसा की. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो पुढं गेला.

रडले नाही अजून. दमल्यावर रडायलाही उसनं बळ लागतं.

१२ डिसेंबर

ठरवून आले होते. दार उघडायचं, उभं राहायचं, म्हणायचं, संपवायचं. कृष्णातची बायको काल दुकानात येऊन गेली म्हणे, अण्णांच्या पायावर डोकं ठेवून. त्याचं अंग खुर्चीवरच सुकत चाललंय.

शटर वर केलं. गुळाचा वास आला आणि त्यात दुसरा वास.

मिरची.

दाराजवळच्या खुर्चीचा वेत, जो इतके दिवस ताठ होता, तो खाली गेला होता. थोडासाच. आबा शेवटी कितीसे राहिले होते.

दोन बारके खोकले आणि घसा खाकरणं. मी लहानपणापासून हे ऐकून अंधारात झोपलेय. ओळखायला चूक होत नाही.

उठा म्हणायचं होतं. म्हटलं नाही. आयुष्यभर पायरीवर उभा राहिलेला माणूस, एकदाच आत येऊन बसला, आणि मी त्याला उठा म्हणू? मी?

१३ डिसेंबर

आज परत प्रयत्न. तोंडातनं निघालं ते — गूळ खावा, पाणी प्या.

फुलपात्र भरून ठेवलं आबांपुढं. पाणी खाली जाताना बघितलं. भीती वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम. अशी भीती मला ठाऊक नव्हती.

गंगव्वा जिन्यावर येऊन उभ्या होत्या. वास त्यांनाही आला असणार. म्हणाल्या, तुझा मानूस हाय व्हय? मी मान हलवली. त्या रडल्या. म्हणाल्या, तरी बी उठव, यव्वा. न्हाईतर तुला बसवतील.

१५ डिसेंबर

कृष्णातनं काल पाणी घ्यायचंही सोडलं. उद्या नक्की. आज नाही. आज आबांशी जरा—

पाय लाकडासारखे झालेत. चपला निघत नाहीत.

१६ डिसेंबर

अण्णा कृष्णातला दवाखान्यात न्यायला गेलेत. जाताना म्हणाले, मी येईपर्यंत तेवढं म्हन, पोरी, हात जोडतो.

दुपार. यार्ड थंड. वही टेबलावर ठेवून उभ्यानं लिहितेय. म्हणणार आहे. आता म्हणते. उ—

सगळ्या खुर्च्या वाजल्या. वळलेत माझ्याकडे.

आबा बोलले. स्पष्ट. घरी बोलायचे तसेच, धाप नाही, खोकला नाही. म्हणाले, “किती दिस उभी हाईस गं. दमलीस. बस की.”

किती दिवसांत मला घरच्या कुणी बस म्हटलं नव्हतं—

त्यांच्या शेजारी एक खुर्ची आहे. नवी. वेत ताठ. अशी खुर्ची दुकानात नव्हती.

कळतंय मला. सगळं कळतंय. कृष्णात. गंगव्वा काय म्हणाल्या ते. कळून काय—

पाय—

टेकते फक्त. हात धरलाय त्यांनी, गरम आहे. वेत वाजला नाही. किती बरं वाट—

बाहेर अण्णांच्या गाडीचा आवाज. ते आत आले की लगेच उठ